मित्राने विश्वासाने सांगितलं, आता तुम्ही काय कराल?

डिसेंबर २०१३. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ सुप्रीम कोर्टाने पुन्हा लागू केल्याची बातमी येऊन आठवडाही झाला नव्हता. पुण्यात तळजाईच्या टेकडीवर फिरताना माझा कॉलेजातला मित्र एकदम थांबला आणि म्हणाला, "मी गे आहे. खूप दिवस सांगायचं होतं." मी म्हणाले, "मला वाटलंच होतं." त्याचा चेहरा पडला. का पडला, ते मला कळायला पुढे बरेच दिवस लागले.

त्याहून मोठी चूक तीन दिवसांनी झाली. आमच्याच ग्रुपमधल्या एका मैत्रिणीला मी ही गोष्ट सांगितली, "कोणाला बोलू नकोस हं" असं बजावून. संक्रांतीपर्यंत ती त्याच्या बहिणीच्या कानावर गेली होती. घरात रडारड, आईचं जेवण सुटलं, मामा त्याला एका डॉक्टरकडे घेऊन गेले. त्या डॉक्टरने गोळ्यांनी "सुरळीत" करून देतो म्हणून पैसे घेतले. मित्र माझ्याशी चौदा महिने बोलला नाही.

तो आता पुन्हा माझा मित्र आहे. मधल्या काळात माझ्या आसपास आणखी काही जण आले: सात वर्षं लग्नाशिवाय एकत्र राहणारी मैत्रीण, कोणाबद्दलही शारीरिक ओढ वाटत नाही असं शांतपणे सांगणारी दुसरी, आणि परस्परसंमतीने ओपन मॅरेजमध्ये, म्हणजे लग्नाबाहेरच्या नात्यांची एकमेकांना मुभा देऊन राहणारं एक जोडपं. माझं स्वतःचं लग्न रीतसर बघण्याच्या कार्यक्रमातून झालेलं. तुमचंही तसंच असेल आणि जवळच्या कोणी नुकतंच असं काही सांगितलं असेल, तर हे पुढचं तुमच्यासाठी आहे. यांतल्या कोणाचंही नाव मी लिहिणार नाही. त्याचं कारण दुसऱ्या पायरीत येईल.

१. पहिली पाच मिनिटं: कमी बोला

समोरच्याने ते वाक्य मनात शेकडो वेळा म्हणून पाहिलेलं असतं. तुम्ही मात्र ते पहिल्यांदा ऐकता. त्यामुळे तुमच्या तोंडून जे निघतं ते बहुतेक वेळा घाबरून निघतं. "सांगितलंस, बरं केलंस" एवढं पुरे. त्यानंतर त्याला बोलू द्या.

या वाक्यांपासून दूर राहा:

- "मला वाटलंच होतं." माणसाने सगळी ताकद लावून जे लपवलं ते लपलंच नव्हतं, असा याचा अर्थ होतो. मग आणखी कोणाकोणाला कळलं असेल, या भीतीने त्याची झोप उडते.
- "आईवडिलांचा विचार केलास का?" वर्षानुवर्षं त्याने दुसरं काही केलेलंच नसतं.
- "डॉक्टरांना दाखवलंस का?" जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १७ मे १९९० रोजी काढली. दाखवण्यासारखं काही नाही.
- "योग्य माणूस भेटला नसेल अजून." शारीरिक ओढ नसलेल्या माझ्या मैत्रिणीने हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता ती उत्तरही देत नाही. तिला काही कमी पडलेलं नाही, ती तशीच आहे.

एक गोष्ट नीट समजून घ्या. कोणाकडे ओढ वाटते ही निवड नसते. लग्न करायचं की नाही, कोणासोबत आणि कसं राहायचं, ही निवड असते. दोन्हींना "हल्लीचं फॅड" म्हणून एकाच पोत्यात भरलं की मैत्री तिथेच अडखळते.

भेट संपल्यावर त्याच रात्री एक साधा मेसेज करा: "आज भेटून छान वाटलं. रविवारी चहाला ये." सांगून टाकल्यानंतरची शांतता फार जीवघेणी असते. "हिला आता नकोसा झालो का," हाच प्रश्न डोक्यात फिरत राहतो. मेसेजमध्ये मूळ विषयाचा शब्दही काढू नका. त्याचा मोबाइल घरात कोण हाताळतं ते तुम्हाला माहीत नाही.

२. ही ठेव आहे

दुसऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेले दागिने आपण लग्नात मिरवत नाही. ही माहिती तशीच आहे. ती तुमच्या हातात असली तरी तुमची नाही.

पहिल्या किंवा दुसऱ्या भेटीत हे तीन प्रश्न सरळ विचारून घ्या. मी विचारले नाहीत, आणि सगळं तिथेच बिघडलं.

- आणखी कोणाला माहीत आहे? नावानिशी विचारा. "ग्रुपला माहीत आहे" याचा अर्थ प्रत्येकाला माहीत आहे असा नसतो.
- घरच्यांनी मला फोन केला तर मी काय सांगू? मित्र पार्टनरकडे राहत असेल आणि त्याच्या आईने तुम्हाला विचारलं, तर ऐनवेळी जुळवाजुळव होत नाही.
- माझ्या नवऱ्याला किंवा बायकोला सांगू का? "आम्ही एकमेकांपासून काही लपवत नाही" हा तुमच्या दोघांतला करार. तुमच्या मित्राने त्यावर सही केलेली नाही. हा एक प्रश्न मी पुढे विचारला, त्याने सहा महिने थांबायला सांगितलं, मी थांबले. नवऱ्यालाही नंतर त्याचं काही वाटलं नाही.

मोबाइल हा सगळ्यात मोठा सापळा आहे. मुंबईत २००८ पासून आणि पुण्यात २०११ पासून प्राइडची, म्हणजे समलिंगी, ट्रान्स आणि त्यांच्या सोबत्यांची, पदयात्रा निघते. सोबत म्हणून तुम्ही गेलात, तर गर्दीचा फोटो स्टेटसला टाकण्याआधी त्यात कोण दिसतंय ते बघा. तुमच्या स्टेटसमध्ये मागच्या रांगेत दिसणारा मुलगा घरी ऑफिसला जातो म्हणून सांगून आलेला असू शकतो. ट्रिपच्या फोटोत दोघांना टॅग करणं, वाढदिवसाच्या शुभेच्छांमध्ये "आमचं लाडकं कपल" लिहिणं, हेही आधी विचारूनच.

अपवाद एकच: जिवाला धोका असेल तर. मित्राला कोंडून ठेवलंय, मारहाण होतेय किंवा तो जीव द्यायची भाषा करतोय, अशा वेळी मदत मागा. तेव्हाही मदतीला लागेल तेवढंच सांगा.

आणि माझ्यासारखी चूक तुमच्या हातून झालीच, तर माफी कशी मागायची? मी पहिल्यांदा मागितली तेव्हा "माझा हेतू वाईट नव्हता" यावरच सगळं बोलले. तो ऐकून निघून गेला. पुढच्या वेळी मी कोणाला सांगितलं, कुठल्या दिवशी, नेमक्या कुठल्या शब्दांत, आणि त्या मैत्रिणीने पुढे कोणाला सांगितलं, हे सगळं कागदावर लिहून त्याच्या हातात दिलं. त्याला तेच हवं होतं. गोष्ट कुठपर्यंत पोचली आहे हे कळल्याशिवाय त्याला स्वतःचा बचाव करता येत नव्हता.

३. शब्द त्यांच्याकडून घ्या

गे, लेस्बियन (स्त्रीकडे ओढ असलेली स्त्री), बाय (दोघांकडेही ओढ असलेले), ट्रान्स (जन्मावेळी सांगितलेलं लिंग स्वतःचं न वाटणारे), क्वीअर (या सगळ्यांसाठीचा शब्द), एस (शारीरिक ओढ न वाटणारे). सगळं पाठ करायची गरज नाही. माणूस स्वतःसाठी जो शब्द वापरतो तो आपण वापरायचा. ट्रान्स मैत्रिणीचं जुनं नाव जुन्या आठवणी सांगतानाही घ्यायचं नाही. चुकून "तो" निघालं तर "ती" म्हणून वाक्य पुढे न्या. पाच मिनिटं माफी मागत बसलात तर उलट तिलाच तुमची समजूत काढावी लागते.

मराठीत खरी अडचण येते ती नात्याच्या हाकांची. मित्राच्या बायकोला आपण सहज वहिनी म्हणतो. मित्राच्या पार्टनरला काय म्हणायचं? मी विचारलं, तो म्हणाला, नावाने हाक मार. माझ्या मुलीसाठी दोघेही काका आहेत. सहा वर्षांची असताना तिने विचारलं, "हे दोन काका एकाच घरात का राहतात?" मी म्हटलं, "त्यांचं एकमेकांवर प्रेम आहे म्हणून." तिने "बरं" म्हटलं आणि चकली मागितली. मुलांना काय सांगायचं याची धास्ती मला वर्षभर होती. अर्थात, हे तिला सांगण्याआधी मी त्या दोघांना विचारलं होतं, कारण मुलं ऐकलेलं शाळेत सांगतात.

"तुझा तो 'मित्र' काय म्हणतो?" असं शब्दावर जोर देऊन विचारू नका. अवतरणचिन्हं कानाला ऐकू येतात.

४. लग्नकार्यं, केळवणं, हळदीकुंकू

आपल्याकडे नातं खरं की खोटं हे पंगतीत ठरतं. कोणाला कोणाबरोबर बोलावलं, आमंत्रणावर काय लिहिलं, आहेर कोणाच्या नावाने दिला, यावरून माणसाला आपली जागा कळते. म्हणून तुमच्या घरचं कार्य ही मैत्री दाखवायची सगळ्यात मोठी संधी आहे, आणि दुखावण्याचीसुद्धा.

आमंत्रण दोघांच्या नावाने द्या. "सहकुटुंब" छापून मोकळं होऊ नका. सात वर्षं एकत्र राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला कित्येक लग्नांची आमंत्रणं एकटीला आली. त्याच घरात, त्याच सोफ्यावर, तिचा जोडीदार शेजारी बसलेला असताना. मी दोघांना पाकिटावर नावं घालून बोलावलं तेव्हा तिने ते पाकीट जपून ठेवलं.

त्याआधी मात्र विचारा: "तुम्ही दोघं म्हणून यायचं की मित्र म्हणून? नातेवाइकांना काय सांगू?" काहींना जोडीने मिरवायचं असतं, काहींना फक्त जेवून निवांत निघायचं असतं.

मावश्या, काकू, आत्या विचारणारच. त्यांच्यासाठी एक वाक्य तयार ठेवा आणि ते तुम्ही बोला, पाहुण्यावर वेळ आणू नका. "ती माझी जवळची मैत्रीण आणि हा तिचा जोडीदार. काकू, मठ्ठा घेतलात का?" आवाज नेहमीचाच ठेवलात तर पुढचा प्रश्न सहसा येत नाही.

हळदीकुंकवाबद्दल माझं मत ठाम आहे. संक्रांतीचं वाण मी लग्न न केलेल्या, घटस्फोटित, विधवा, सगळ्या मैत्रिणींना देते. ट्रान्स मैत्रिणीलाही देते. पहिल्या वर्षी सासूबाई गप्प होत्या. तिसऱ्या वर्षी त्यांनीच तिच्यासाठी तिळगूळ वेगळा काढून ठेवला, ती उशिरा येते म्हणून.

दिवाळीकडे विशेष लक्ष द्या. घरच्यांनी तोंड फिरवलेल्या माणसाला ते चार दिवस फार लांब वाटतात. फराळाचा डबा पाठवू नका. फराळाला घरी बोलवा.

५. पटत नसेल तर

सगळं पटायला हवं असं नाही. ओपन मॅरेज मला स्वतःला जमणार नाही, आणि मी ते त्या जोडप्याला सांगितलंय. ते म्हणाले, "तुला कुठे करायचंय?" बरोबर आहे. त्यांनी माझी परवानगी मागितलीच नव्हती. मी एवढंच बघते की दोघांना सगळं माहीत आहे का, दोघांची मर्जी आहे का, आणि सगळे सज्ञान आहेत का. या तिन्हींची उत्तरं "हो" असतील, तर माझ्या आवडीनिवडीला तिथे काम नाही.

फसवणूक ही मात्र वेगळी गोष्ट. एका ओळखीच्याने त्याच्या बायकोला "तो माझ्या घरी होता" असं सांगायला मला सांगितलं. मी नाही म्हणाले. त्याचं गुपित मी बाहेर नेलं नाही, पण त्याच्यासाठी खोटंही बोलले नाही. ही रेघ लवकर आखा.

सगळ्यात अवघड प्रसंग सांगते, कारण तो आपल्याकडे वारंवार येतो. गे असलेला मुलगा घरच्यांच्या दबावाखाली मुलीशी लग्नाला उभा राहतो. माझ्या एका परिचिताचं असं स्थळ ठरत आलं होतं. तो म्हणाला, "आईसाठी करतो, नंतर बघू." मी त्याला सांगितलं: "तुझ्यावर काय बेततंय ते मला दिसतंय. पण ती मुलगी यात काही न कळता येतेय. साखरपुड्याआधी तिला सांग. जमणार नसेल तर दुसरं कारण देऊन मोड. घरी बोलायचं असेल तर मी शेजारी बसेन. तसंच लग्न केलंस तर मी केळवणही करणार नाही आणि अक्षताही टाकणार नाही." तीन आठवडे तो मला टाळत होता. मग बहिणीला विश्वासात घेऊन त्याने ते स्थळ थांबवलं.

त्याने थांबवलं नसतं तर मी मुलीच्या घरी गेले असते का? आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. ठेव मोडली की काय होतं ते मी पाहिलंय, आणि एका अनोळखी मुलीचं आयुष्य काही हलकं नाही. एवढं नक्की, की तारीख ठरायच्या आधी बोललात तर हा पेच येतच नाही. म्हणून वेळेत बोला.

६. तुमच्या मनातली धाकधूक

"ती लेस्बियन आहे, म्हणजे माझ्याकडे तशा नजरेने बघत असेल का?" तुमचे सगळे पुरुष मित्र तुमच्या प्रेमात आहेत का? नाहीत ना? उत्तर तेच. आणि कधी कोणी भावना बोलून दाखवलीच, तर कुठल्याही मित्राला द्याल तसा नम्र, स्पष्ट नकार द्या.

७. कायदा, कामापुरता

घरमालक, सोसायटीचे सेक्रेटरी, कधी पोलीससुद्धा चुकीचं सांगतात. म्हणून एवढं लक्षात असू द्या.

- सज्ञान व्यक्तींचे संमतीने असलेले समलिंगी संबंध ६ सप्टेंबर २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून गुन्हा नाहीत.
- लग्नाशिवाय एकत्र राहणं गुन्हा नाही. लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या स्त्रीला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचं संरक्षण मिळतं.
- व्यभिचाराचं कलम ४९७ सप्टेंबर २०१८ मध्ये रद्द झालं. घटस्फोटाचं कारण म्हणून व्यभिचार आजही धरला जातो.
- समलिंगी विवाहाला मान्यता नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात कोर्टाने ती दिली नाही. त्यामुळेच पुढे दिलेली कागदपत्रं महत्त्वाची ठरतात.
- ट्रान्स व्यक्तीला २०१९ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळख प्रमाणपत्र मिळतं.

८. रात्री फोन आला तर

घरचे "उपचारा"ला नेत असतील तर: समलिंगी ओढ बदलण्याचे उपचार करणं हे डॉक्टरसाठी गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये राज्यांच्या कौन्सिलना कळवलेलं आहे. चिठ्ठी, पावती जपून ठेवा, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते. २०१४ मध्ये हे आमच्या हाताशी नव्हतं.

डेटिंग ॲपवरून भेटायला बोलावून, व्हिडिओ काढून पैसे उकळणाऱ्या टोळ्या असतात. मित्र अडकला तर पहिलं वाक्य हे असू द्या: "गुन्हा तू केलेला नाहीस." पैसे देऊ नका, मागणी थांबत नाही. मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट काढा. जीव धोक्यात असेल तर ११२, ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३०. पोलीस ठाण्यात त्याला एकट्याला पाठवू नका.

एचआयव्हीची धास्ती वाटण्यासारखा प्रसंग घडला असेल तर ७२ तासांच्या आत औषध सुरू करता येतं, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. सरकारी रुग्णालयात लगेच न्या. माहितीसाठी १०९७. मन फारच खचलं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक. मुंबईत हमसफर ट्रस्ट आणि पुण्यात समपथिक ट्रस्ट ही या विषयातली जुनी नावं.

९. कागदपत्रं: इथे तुमचा खरा उपयोग

लग्न झालेल्यांना जे आपोआप मिळतं, ते या मंडळींना एकेक कागद करून मिळवावं लागतं. त्यात ठिकठिकाणी साक्षीदार लागतात, आणि घरचे येत नाहीत.

- भाडेकरार: दोघांचीही नावं भाडेकरू म्हणून घाला. एकाच्याच नावावर असेल तर तो आजारी पडल्यावर किंवा गेल्यावर दुसऱ्याला घर सोडायला सांगतात. घर शोधताना "फॅमिलीच पाहिजे" ऐकून माणूस थकतो. चार घरं बघायला तुम्ही बरोबर जा.
- बँक खातं: संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला बंदी नाही. अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. काउंटरवर वाद झाला तर त्याच पत्रकाचा हवाला द्या.
- मानसिक आरोग्यासाठी नियुक्त प्रतिनिधी: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार सज्ञान माणूस साध्या कागदावर, सही करून, मानसिक उपचारांच्या निर्णयांत मदत करायला कोणालाही आपला प्रतिनिधी नेमू शकतो. रक्ताचं नातं लागत नाही.
- विशेष विवाह कायदा, १९५४: आंतरधर्मीय मैत्रिणीचं लग्न यात होत असेल तर ३० दिवसांची नोटीस लागते आणि तीन साक्षीदार लागतात. तारीख मोकळी ठेवा.
- मृत्युपत्र: सर्वांत महत्त्वाचं. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हा सापळा फार जणांना माहीत नसतो. नॉमिनीच्या हातात पैसे आले तरी कायदेशीर वारस दावा करू शकतात. जोडीदाराला काही द्यायचं असेल तर मृत्युपत्र हवंच. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. साक्षीदार दोन लागतात आणि त्यांना त्या मृत्युपत्रातून काही मिळणार नसलेलं चांगलं. म्हणजे मित्रच.

गेल्या वर्षी माझ्या मित्राने त्याच्या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून मला बोलावलं. दुसरी साक्षीदार त्याची बहीण होती. तुमच्यावर अशी वेळ आली तर आधार आणि पॅन, दोन्ही मूळ आणि झेरॉक्सच्या दोन-दोन प्रती बरोबर ठेवा. दुय्यम निबंधक कार्यालयात सकाळीच पोचा, दुपारनंतर रांग हलत नाही.